बोराटीचं कवाड

ओढ्यात उतरताना दिपालीनं ब्रेकला हात लावला नाही. अंग मागं टाकलं, गुडघे टाकीला आवळले आणि पाण्यातल्या दोन काळ्या दगडांच्या मधनं गाडी काढली. चढाला मागचं चाक एकदा घसरलं, मुरूम उडाला, इंजिन कुरकुरलं, आणि ती वर आली. मागं गुरुशांतच्या गाडीचा आवाज होता, पण तो अजून पल्याडच्या काठावर. म्हणजे अर्धा मिनिट तरी झालं. हेल्मेटच्या आत ती एकटीच हसली.

या ओढ्याचं तिला काय कौतुक? सहा वर्षं ती रोज सकाळी गाडीच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवून हाच ओढा ओलांडत होती. वस्तीवरून डेअरीपर्यंत थेंब न सांडता दूध पोचवायचं, आणि सांडलंच तर आईचं बोलणं दोन दिवस ऐकायचं. बाहेरगावची पोरं काठावर थांबत होती, वाकून बघत होती, देवाचं नाव घेऊन गाडी पाण्यात घालत होती. दिपालीच्या गाडीला आज किटल्याच नव्हत्या.

शर्यत हिवरतळीच्या गायरानात होती. मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो, अशा या गावात एवढी झाडी असेल असं कुणाला वाटणार नाही. पण पंचवीस वर्षांपूर्वी लावलेले निंब आणि करंज आता चांगले दाटले होते, बाभळी होत्याच, आणि घाणेरी तर कुणी न बोलावता आलेली. त्या झाडीतनं, ओढ्यातनं, माळावरनं अकरा किलोमीटरची वाट आखली होती, आणि अशा दोन फेऱ्या मारायच्या होत्या. भरवणारा होता अकलूजचा ऋतुराज. धंदा गॅरेजचा, पण मातीतल्या शर्यतींचं वेड एवढं की स्वतःचं पथकच बाळगलेलं. पथकात गाड्या तीन आणि चालवणारे दोन.

ती तिसरी गाडी सकाळपासून मांडवात उभी होती. लाल, उंच, दातेरी टायरांची. जिल्ह्यातल्या पोरांत जो पहिला येईल त्याच्या हातात वर्षभर ही गाडी, आणि राज्यातल्या सगळ्या शर्यतींना पथकाबरोबर जाणं, असं ऋतुराजनं सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. पुण्या-कोल्हापूरचे गडी पुढं गेले तर जाऊ देत, त्यांचा हिशेब वेगळा होता. जिल्ह्यातला म्हणून तिच्याशी टक्कर घेईल असा एकच, सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला गुरुशांत. बाकीचे हौशी. सकाळी कुणी बघत नाही असं बघून दिपाली त्या लाल गाडीजवळ गेली होती आणि सीटवरची धूळ ओढणीनं पुसली होती. धूळ नव्हतीच.

तेवीस वर्षांची झाली तरी दिपालीनं आजवर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. घरात मेंढरं, चार गाई, थोडी कोरडवाहू जमीन. जे असेल ते सगळ्यांचं. ही गाडी मात्र तिला हवी होती, एकटीला. रात्री अंथरुणावर पडलं की गुडघे आपोआप आवळले जायचे इतकी हवी होती.

ओढा मागं पडला. झाडीतनं बाहेर आलं की माळ, आणि माळ संपला की ईश्वरप्पाचं जोंधळ्याचं रान. ईश्वरप्पानं बांधाच्या कडेनं गाड्या जायला परवानगी दिली होती. रानाला माळाच्या अंगानं काटेरी कुंपण, आणि तिकडनं आत जायला एकच वाट; पल्याडच्या टोकाला बांध करंजाच्या झाडीत उतरत होता. त्या वाटेवर कवाड होतं. कवाड म्हणजे काय, बोराटीच्या फांद्या दोन आडव्या लाकडांना आवळून केलेली झाप. ती सकाळीच ओढून बाजूला ठेवली होती आणि तिथं नारिंगी जाकीट घातलेला एक स्वयंसेवक उभा केला होता. पहिल्या फेरीत त्यानं तिला झेंडी दाखवली होती. आता तो तिथं नव्हता. झाडीत कुणीतरी घाणेरीत जाऊन पडलं होतं, त्याला ओढून काढायला गेला असावा.

कवाड सताड उघडं होतं. माळावर, हाकेच्या अंतरावर, गावातल्या म्हाताऱ्या शिवबाईची मेंढरं चरत होती. त्यातली पुढची दोन मान वर करून जोंधळ्याकडं बघत होती. जोंधळा हुरड्यात आलेला.

दिपाली कवाडातनं आत गेली. दहा-बारा हात पुढं जाऊन तिनं गाडी साइड स्टँडला लावली. इंजिन चालूच ठेवलं. मागं आली, झाप उचलून वाटेवर आडवी ओढली, खालचं लाकूड दगडाला टेकवलं, वरची दोरी खुंटाला दोनदा गुंडाळली आणि आतल्या अंगाला गाठ मारली. कोकराला दाव्याला बांधताना मारतात तीच गाठ. आतलं टोक धरून हिसका दिला की पट्कन सुटते, बाहेरनं ओढली तर ओढील तेवढी आवळत जाते. गाठ पक्की बसली का ते तिनं झाप एकदा हलवून बघितलं. मग गाडीवर बसली आणि गेली.

हे सगळं तिनं केलं, आणि केलं हे तिच्या गावीही नव्हतं. जन्मल्यापासून मेंढरांमागं फिरलेल्या माणसाला उघडं कवाड ओलांडून तसंच पुढं जाता येत नाही, जशी आपल्याला उघडा नळ बघून झोप लागत नाही. तिचं लक्ष पुढच्या वळणावर होतं आणि हात आपलं काम करून मोकळे झाले होते.

बिरोबाच्या देवळासमोर शेवटची रेघ मारली होती. दिपाली तिथं पोचली तेव्हा तिच्या पुढं सहाजण आलेले होते, सगळे बाहेरगावचे. ऋतुराजनं माईकवरनं तिचं नाव घेतलं, जिल्ह्यात पहिली म्हणून सांगितलं, आणि गावानं एकच गलका केला. तिचे वडील बिरुदेव, एरवी चार शब्दांच्या वर न बोलणारा माणूस, भेटेल त्याला सांगत सुटले की पोरीला गाडी आपणच शिकवली. ते खोटं होतं. ती आईच्या नकळत स्वतःच शिकली होती आणि शिकताना बिरुदेवांच्याच अंगावर गाडी घातली होती.

लाल गाडीजवळ तिला उभं करून फोटो झाले. झेंडूच्या माळा एका खुर्चीवर तयार होत्या, पण ऋतुराज म्हणाला, बाकीचे येऊ देत, सगळ्यांना एकदमच घालू.

बाकीचे येईनात.

दोन मिनिटं गेली, पाच गेली. पुण्याच्या पोरांचा चहा पिऊन झाला. गुरुशांत तर अर्ध्या मिनिटाच्या अंतरावर होता. तो पडला असेल, लागलं असेल, असं म्हणून दिपाली वाटेकडं बघत राहिली. पण तो पडला तरी त्याच्या मागं तीस गाड्या होत्या. तीस जण एका वेळी कसे पडतील? लोक टाचा उंच करून झाडीकडं बघायला लागले. झाडीत चिटपाखरूही हलत नव्हतं.

तिनं हातमोजा काढला तेव्हा तळहाताला काहीतरी बोचलं. मोज्यात बोराटीचे तीन काटे होते, एक मोडून आत रुतलेला. हे कुठनं आले म्हणून ती बघत राहिली. आणि मग तिला कवाड आठवलं. तिनं मोजा घडी करून खिशात घातला. थोड्या वेळानं तो बाहेर काढला, पुन्हा बघितला आणि पुन्हा खिशात घातला.

वीस मिनिटांनी आवाज आले, पण ते झाडीकडनं नव्हे तर गावाकडनं. वेशीतनं, शाळेवरनं, पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या समोरनं तीस गाड्यांची रांग देवळाकडं येत होती आणि सगळ्यांत पुढं होता गुरुशांत. झालं होतं ते असं, की कवाड बंद बघून त्यानं दोरी ओढून पाहिली, ती आणखी आवळली. मग त्याला वाटलं, दुसऱ्या फेरीला वाट बदलली असेल. तो कुंपणाच्या कडेनं डावीकडं वळला. पुढचा वळला म्हणून मागचे तीसही वळले. सगळे मिळून ईश्वरप्पाच्या शेततळ्यावर गेले, तिथं म्हशी उठवल्या, आणि शेवटी एका बाईला रस्ता विचारला. बाईनं बिचारीनं मनापासून त्यांना एस.टी.च्या थांब्याचा रस्ता दाखवला.

ऋतुराजनं कपाळाला हात लावला. कवाड कुणी लावलं याचा शोध सुरू झाला आणि तो लांबलाही नाही. नारिंगी जाकिटातली दोन पोरं जाऊन शिवबाईला घेऊन आली. सत्तरीची, काटक, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मेंढरं कुणाच्या जिवावर सोडून येणार, म्हणून ती मेंढरांसकट आली. ऋतुराज तिला माणसासारखं समजावून सांगत होता की आजी, शर्यतीच्या वाटेवर असं अडवायचं नसतं, पोरांना लागलं असतं, आणि तोवर तिच्या दोन मेंढ्यांनी खुर्चीवरच्या झेंडूच्या माळा निम्म्या संपवल्या.

शिवबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिची नजर गर्दीवरनं फिरत दिपालीवर आली, तिथं जराशी थांबली आणि पुढं गेली. दिपालीला कळलं की हिनं बघितलंय. माळावर चाळीस पावलांवर उभं राहून हिनं सगळं बघितलंय.

"म्या लावलं," शिवबाई म्हणाली. "मेंढरं जोंधळ्यात गेली असती, मग ईश्वरप्पाचं तोंड तुमी धरलं असतं का?"

झालं, मिटलं. ऋतुराजनं मान हलवली. आता काय करणार, म्हातारं माणूस, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. जे झालं ते झालं, निकाल आहे तसा ठेवू म्हणून त्यानं माईक उचलला. गुरुशांत गाडीला टेकून खाली बघत बूट मातीत घासत होता. गेली तीन वर्षं तो अशा पथकात शिरायला धडपडत होता, आणि यंदा जमलं नाही तर दुकानात बसायचं असं वडिलांनी त्याला बजावलं होतं. भांड्यांचं दुकान. सकाळी ओळी लावून उभे असताना त्यानंच हे दिपालीला हसत हसत सांगितलं होतं.

दिपालीनं लाल गाडीकडं बघितलं. आता नुसतं गप्प राहायचं होतं. काही करायचं नव्हतं, खोटंही बोलायचं नव्हतं, ते शिवबाईनं बोलूनच टाकलं होतं. तिचा हात खिशातल्या मोज्यावर होता आणि काटा पुन्हा बोचत होता. एवढी चांगली गाडी, तिला वाटलं. एवढी चांगली गाडी, आणि आपलं नशीब बघा.

ती पुढं झाली.

"आजी माज्यासाठनं खोटं बोलतीया. कवाड म्या लावलं."

आणि गंमत अशी, की तिच्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही. ऋतुराज हसला. म्हातारीला वाचवायला निघालीस व्हय, म्हणाला. पुण्याचा एकजण म्हणाला, शर्यतीत पुढं असताना गाडी थांबवून, खाली उतरून, दार कोण लावेल? कोल्हापूरचा म्हणाला, वेड्याशिवाय कुणी नाही. दिपालीनं मोजा काढून ऋतुराजच्या हातात दिला. त्यानं काटे बघितले, तिच्या तळहाताकडं बघितलं, आणि त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

"अगं पण का?" त्यानं विचारलं.

 दिपालीनं मदतीसाठी वडिलांकडं बघितलं. आत्तापर्यंत सगळ्या गावाला पोरीचं कौतुक सांगणारे बिरुदेव आता पुन्हा चार शब्दांवर आले होते.

"उगडं हुतं म्हनून," ते म्हणाले.

गावातल्या माणसांना हे पटलं. लावणारच की, उघडं ठेवून जाईल काय? उलट तिच्या आधी जे सहाजण गेले त्यांनी कवाड उघडं टाकलं कसं, हे एका आजोबांना जाणून घ्यायचं होतं. तुमच्याकडं घरात असंच करत्यात का, असं त्यांनी पुण्याच्या पोराला विचारलं. जो उघडंल त्यानं लावायचं आणि उघडं दिसंल तर दिसणाऱ्यानं लावायचं, यात शर्यतीचा काय संबंध? कोल्हापूरचा गडी नियम सांगायला लागला. वाट अडवणारा बाद, पुस्तकातच तसं लिहिलंय. आजोबा म्हणाले, मग पुस्तकात मेंढरं न्हाईत. अशी बरीच बाचाबाची झाली, आणि त्यात उरलेल्या माळाही मेंढ्यांनी खाल्ल्या.

शेवटी ऋतुराजनं हात वर केला. नियमानं बघितलं तर दिपाली बाद, आणि गाडी गुरुशांतची. तो गुरुशांतकडं वळला आणि म्हणाला, नुकसान तुझं झालंय, तूच सांग.

गुरुशांतनं वर बघितलं. नुसतं हो म्हणायचं होतं. त्यानं लाल गाडीकडं बघितलं, मग दिपालीकडं. तिनं नजर खाली घातली नव्हती. रडकुंडीला आलेली होती, पण सरळ उभी होती.

"अशी नको," तो म्हणाला. "एक फेरी. आम्ही दोघंच."

ऋतुराजला एवढंच हवं होतं. नारिंगी जाकिटातल्या पोराला त्यानं पुढं पिटाळलं, कवाड उघडून ठेव म्हणून बजावलं. पोरानं ते उघडलं, नीट बाजूला ठेवलं आणि शेवट बघायला मिळावा म्हणून आडवाटेनं धावत देवळाकडं परत आलं. ऋतुराजनं मोबाइलमध्ये घड्याळ लावलं. गावातल्या बायकांनी हुरडा भाजायला घेतला होता तो अर्धवट टाकून त्या रेघेपाशी आल्या.

झेंडी पडली आणि दिपालीची गाडी बंद पडली. दुसऱ्या किकला नाही, तिसऱ्या किकला सुरू झाली. बिरुदेवांनी डोळे मिटून घेतले ते लवकर उघडलेच नाहीत. गुरुशांत तोवर झाडीत शिरला होता.

ओढ्यापर्यंत ती त्याच्या धुळीत होती. ओढ्यात तिनं निम्मं अंतर तोडलं. शहरातला असला तरी गडी चांगला चालवत होता, वळणाला पाय टेकत नव्हता, आणि सकाळी ज्या दगडाला तो धडकला होता तो आता त्यानं बरोबर चुकवला. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण येत नव्हता. त्याच्या मागनं असं सुसाट जाताना तिला मजा वाटत होती.

माळ संपला आणि तिला दिसलं की गुरुशांत थांबलाय. गाडीवरनं उतरून तो दोन्ही हातांनी काहीतरी ओढत होता.

कवाड बंद होतं.

कुणी लावलं? बहुतेक ईश्वरप्पानं. जेवायला बांधाबांधानं घरी जाताना आतनं उघडं दिसलं असणार. किंवा वाटेनं जाणाऱ्या दुसऱ्या कुणीही. त्या रानात कवाड उघडं राहावं असं वाटत असेल तर तिथं माणूस बांधूनच ठेवायला हवा, हे अकलूजच्या ऋतुराजला ठाऊक नव्हतं.

दिपालीनं गाडी उभी केली. गुरुशांतनं मान वळवून बघितलं. त्याच्या बोटातनं रक्त येत होतं.

"पुन्हा लावलंस काय गं?"

"म्या तर तुज्या मागं हाय."

यावर तो दोरी हातात तशीच धरून हसायला लागला आणि मग तिलाही हसू आवरेना. दोघं उन्हात कुंपणापाशी उभे राहून पोट धरून हसत होते, आणि तिकडं देवळापाशी अख्खं गाव श्वास रोखून बसलं होतं.

मग तिनं त्याला बाजूला व्हायला सांगितलं. बाही खाली ओढली, हात काट्यांतनं पार कोपरापर्यंत आत घातला, चाचपत दोरीचं टोक शोधलं आणि हिसका दिला. गाठ सुटली. तिनं झाप खांद्यानं रेटून मोकळी केली. आता वाटेच्या तोंडाशी ती उभी होती आणि तिची गाडी तिच्या मागंच चालू होती. गुरुशांतची बंद पडलेली. तिला वाटलं असतं तर ती निघून गेली असती, आणि यात नियम मोडला असं पुस्तकवाल्यालाही म्हणता आलं नसतं.

"जा," ती म्हणाली. "तू आदी आलावतास."

गुरुशांतनं गाडी सुरू केली आणि तिच्या शेजारनं आत गेला. ती तिची गाडी आत घेऊन आली. मागं वळून बघितलं. माळावर मेंढरू नव्हतं. शिवबाई तिकडं देवळापाशी होती, झेंडू खाऊन तृप्त झालेल्या मेंढरांना आवरत. लांबपर्यंत कुणी नव्हतं, बघणारंही कुणी नव्हतं. कवाड लावायला तिला फार तर वीस सेकंद लागणार होते. पण पुढं तीनच किलोमीटर उरले होते, आणि गुरुशांतसारख्याला वीस सेकंद दिले की तो काही पुन्हा हाताला लागणार नव्हता. सकाळी हातांनी तिला न विचारता केलं होतं. आता हात थांबले होते आणि तिच्याकडं बघत होते.

दिपालीनं एक शिवी हासडली, गाडी स्टँडला लावली आणि झाप ओढली. लाकूड दगडाला टेकवलं. दोरी दोनदा गुंडाळली, गाठ मारली. घाईत ती वाकडी बसली म्हणून सोडून पुन्हा मारली. मग एकदा हलवून बघितली.

वळली तर बांधाच्या टोकाला गुरुशांत उभा होता. इंजिन चालू, एक पाय जमिनीवर, मान मागं.

"झालं?" त्यानं ओरडून विचारलं.

"झालं."

तिची गाडी त्याच्या शेजारी येईपर्यंत तो थांबला. मग दोघांनीही एकदमच क्लच सोडला.

ते तीन किलोमीटर हिवरतळीत कुणी बघितले नाहीत, हे गावाचं दुर्दैव. बांधावर तो पुढं होता, करंजाच्या झाडीत ती, बाहेर आल्यावर पुन्हा तो. शेवटच्या वळणाला दोन निंब आहेत, आखलेल्या वाटेतच, जवळजवळ. रोज दूध घेऊन जाताना दिपाली त्यांना वळसा घालून जायची, कारण किटल्या मधनं निघत नसत. गुरुशांतनंही वळसाच घातला. ती मधनं गेली. दोन्ही कोपरांची सालं निघाली.

धुळीत दोन गाड्या एकदमच रेघेवरनं गेल्या. कुणी म्हणालं हा, कुणी म्हणालं ही, आणि बिरुदेव विचारत होते की पोचली का, पडली नाही ना. ऋतुराजनं मोबाइलवरचं चित्रण तीनदा थांबवून बघितलं. चौथ्यांदा गुरुशांतनं त्याच्या खांद्यावरनं वाकून बघितलं आणि त्यानंच सांगितलं.

"तिचं चाक पुढं आहे की."

मग गावाचा जो गलका झाला त्यात माईकवरचं काही ऐकू आलं नाही. दिपालीला लाल गाडीजवळ नेण्यात आलं, तिनं सीटवर हात ठेवला, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आता आलं. शिवबाईनं घोंगड्याच्या टोकानं तिचं तोंड पुसलं आणि येडी हाईस म्हणाली. माळा उरल्या नव्हत्या, म्हणून कुणीतरी तिच्या हातात हुरड्याचा द्रोण दिला.

गुरुशांतनं आपल्या गाडीवर बसूनच हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं, बोटाला रुमाल गुंडाळला. ऋतुराज घड्याळ घेऊन त्याच्याकडं आला. त्याला एक कोडं पडलं होतं. सकाळच्या पहिल्या फेरीपेक्षा या फेरीला दोघांनाही चार मिनिटं जास्त लागली होती, आणि पळाले तर दोघं जिवाच्या आकांतानं. मध्ये काय झालं, असं त्यानं विचारलं.

"काही नाही," गुरुशांत गाठ दातांनी आवळत म्हणाला. "वाटेत एक कवाड लावायचं होतं."

ऋतुराजनं पुन्हा घड्याळाकडं बघितलं. शेजारी हुरडा खात उभ्या असलेल्या आजोबांना मात्र यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी आपल्या द्रोणातला अर्धा हुरडा गुरुशांतच्या ओंजळीत ओतला आणि नाव-गाव विचारलं.